पैठणी विकत घेण्यापूर्वी

लग्नाचा बस्ता एका दिवसात बांधून मोकळे होण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्यात मानपानाची लुगडी, आहेराचे टॉवेल-टोपी आणि नवरीचा शालू अशा सर्व बाबींचा निकाल एकाच गादीवर, एकाच बैठकीत लावला जातो. आणि त्याच घाईत पैठणीही उरकली जाते, ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटली तरी येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही. कारण जे वस्त्र मागावरून उतरण्यास महिना-दोन महिने, आणि नक्षी भरगच्च असल्यास कधी वर्षही लागते, ते आपल्याला दिवे लागण्यापूर्वी पिशवीत हवे असते. आणि ते तसे मिळावे म्हणून त्या सगळ्या महिन्यांचे भांडवल आपल्या आधी दुसऱ्या कोणीतरी गुंतवून ठेवलेले असते. ते कोणी गुंतवले, कोणत्या शर्तींवर गुंतवले आणि त्याचे व्याज अखेर कोणाच्या मजुरीतून वळते झाले, याचा पत्ता ज्या गिऱ्हाइकाला नाही, त्याच्या मनात कारागिरांविषयी कितीही कळवळा असला तरी त्या कळवळ्याने माग चालत नाही. प्रस्तुत लेख पैठणी घेऊ इच्छिणाऱ्या सामान्य कुटुंबासाठी असून, आपला पैसा मागापर्यंत पोहोचावा म्हणून दुकानात, विणकराच्या घरी आणि मुख्यतः पंचांगासमोर बसून काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रथम एका भाबड्या समजुतीची वासलात लावणे इष्ट होईल. पैठणीची घडी उलगडताना विक्रेता ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे शब्द उच्चारल्यावाचून राहत नाही आणि विशेष चौकस विक्रेता असेल तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचाही हवाला देतो. त्या ग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणारा म्हणून जो माल नोंदलेला आहे तो अकीकासारख्या मौल्यवान दगडांचा. कापड नोंदले आहे ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, जाणारे. पैठण हे प्राचीन व्यापारी नगर होते आणि पुढे पेशवाईच्या काळात तेथील असावली दुपट्ट्यांना पुण्याहून मागणी होती, इतके निर्विवाद आहे. आणि तेवढे गौरवास पुरेसेही आहे. गिऱ्हाइकाने किंमत मोजावयाची ती परंपरेच्या वयाची नव्हे, समोरच्या कापडात खर्ची पडलेल्या कामाची. आणि ते काम काय असते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले असले की पुढील पुष्कळसा उपदेश अनावश्यक ठरतो.

विणकर खड्डामागावर पाय खाली सोडून बसतो. समोर रेशमाचे उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून लावलेले असतात आणि त्यांच्यावर, पदराचे काम चालू असेल तर, निरनिराळ्या रंगांच्या रेशमाच्या लहान लहान कांड्या लोंबत असतात. पदराची जमीन जरीची, तिच्यावरील मोर, मुनिया, कमळ, वेल रेशमाचे. आता मोराच्या मानेचा निळा धागा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही; निळ्याची हद्द जेथे संपते तेथपर्यंतच तो जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. चोचीचा तांबडा, पिसाऱ्यातला हिरवा, प्रत्येकाची कांडी निराळी, प्रत्येकाची हद्द निराळी. आणि अशी एक आडवी ओळ बोटांनी पुरी झाल्यावर फणीचा एक ठोका बसतो, तेव्हा पदर जेमतेम एका धाग्याने वाढतो. काठांचीही तीच कथा: अंगाचा बाणा वेगळा, काठाचा बाणा वेगळा, आणि ते ज्या रेषेवर भेटतात तेथे प्रत्येक फेरीस एकमेकांत गुंतवावे लागतात. या पद्धतीचा परिणाम असा की पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. पाठीवर मोकळा धागा लोंबत नाही. ज्याला बांगडी मोर म्हणतात, तो वर्तुळातला मोर अशा रीतीने काढलेला एकदा जवळून पाहावा. त्याच्या कडा किंचित पायऱ्या-पायऱ्यांच्या असतात, कारण त्या चौकोनी विणीतून गोलाई साधलेली असते.

मागावर बसणारा एक असला तरी कामाला हात अनेकांचे लागतात. कच्चे रेशीम सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातील नैसर्गिक चिकट द्रव्य काढतात, तेव्हा त्याचे वजन सुमारे चौथाईने घटते. मग ते रंगवावयाचे, असारीवर घेऊन उकलावयाचे, तुटलेले धागे सांधावयाचे, कांड्या भरावयाच्या. यातील बरेचसे काम घरातील बायका आणि वृद्ध माणसे करतात आणि मजुरी मात्र साडीमागे एकदाच, मागावर बसणाऱ्याच्या नावे, ठरते. २०१९-२० सालच्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेप्रमाणे देशात हातमागावर काम करणारी माणसे ३५ लाखांहून अधिक असून त्यांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत; आणि हातमाग कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते. हे आकडे देशभराचे आहेत आणि पैठणीचा कसबी विणकर या सरासरीहून बरा मिळवतो. तथापि ज्या धंद्यात त्याला दिवस काढावयाचे आहेत त्या धंद्याची स्थिती त्यांवरून ध्यानात यावी.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे भांडवलाकडे, येऊ. रेशीम बहुतांशी कर्नाटकातून येते. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि जालना या जिल्ह्यांत, तुतीची लागवड वाढून जालन्यास कोषांचा बाजारही उभा राहिला आहे. परंतु त्यापूर्वी मराठवाड्यातील शेतकऱ्याचे कोष रामनगरच्या बाजारात विकले जाऊन त्यांचेच सूत येवल्याकडे परत येणे अशक्य नव्हते, इतका हा प्रवास वाकडा होता. जर सुरतेहून येते. या दोन्ही जिनसांचे भाव विणकराच्या हाती नाहीत आणि ते चढले की महिनाभर उतरण्याची वाट पाहण्याची ऐपतही त्याला नाही. म्हणून ज्या विणकराजवळ स्वतःचा पैसा नसतो तो मालकाकडून रेशीम आणि जर घेतो, उचल घेतो, साडी पुरी झाल्यावर मजुरीतून उचल फेडतो आणि फिटण्यापूर्वी आजारपण किंवा मुलीचे लग्न निघाले की पुन्हा उचलतो. ज्याच्याजवळ थोडाफार पैसा असतो तो स्वतंत्रपणे साडी विणतो, पण ती मोठ्या शहरातील दुकानदाराकडे जांगडावर ठेवावी लागते. म्हणजे माल दुकानात, जोखीम विणकराची, आणि साडी खपली तर पैसे, न खपली तर सहा महिन्यांनी घडीवर डाग पडलेली साडी परत. दुकानातील काचेच्या कपाटात मांडलेल्या दहा पैठण्या पाहून आपण दुकानदाराच्या ऐश्वर्याचे कौतुक करतो, तेव्हा त्यांतील कित्येकींत दुकानदाराचा एक पैसाही अडकलेला नसण्याचा संभव असतो.

म्हणूनच पैठणी घेताना सर्वांत परिणामकारक अशी जी एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या हाती आहे, ती म्हणजे आगाऊ मागणी आणि आगाऊ पैसा. सुपारी फुटली की पैठणीपुरता विषय बस्त्यातून बाजूला काढावा आणि त्याच आठवड्यात विणकराला किंवा विश्वासाच्या मालकाला काम सांगावे. विसार म्हणून एक-तृतीयांश रक्कम प्रथमच द्यावी, म्हणजे रेशीम आणि जर रोखीने घेता येते; तेवढाच दुसरा हिस्सा अर्धे काम झाल्याचे पाहून द्यावा; उरलेला साडी ताब्यात घेताना. याने तीन गोष्टी घडतात. विणकराला उचल घ्यावी लागत नाही. साडी विकली जाईल की नाही ही धास्ती राहत नाही. आणि व्याजाचा बोजा किमतीतून उतरल्यामुळे बहुधा गिऱ्हाइकासही ती साडी कपाटातल्या साडीहून स्वस्त पडते. या शेवटच्या लाभाचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी केला आहे. पण सदाचरणाने पैसे वाचत असतील तर संकोचण्याचे कारण नाही.

मागणीचा काळही विचारपूर्वक निवडावा. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात आणि पितृपक्षात तर खरेदीच वर्ज्य मानणारी घरे पुष्कळ. दसरा-दिवाळीची गडबड वगळता या काळात नव्या कामाची चणचण भासते. ज्यांच्या घरी माघ-फाल्गुनात किंवा वैशाखात कार्य आहे त्यांनी श्रावणातच काम सांगावे, हे दोघांच्याही सोयीचे. चातुर्मासात नवी साडी नेसू नये असे मानणाऱ्यांनाही ती विणावयास सांगण्यात धर्मशास्त्राची हरकत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ठरावाचा एक लहानसा कागद करावा. त्यात ताण्याचा आणि बाण्याचा रंग, पदराची लांबी इंचांत, काठाची रुंदी आणि नक्षी, अंगावरील बुट्टी, जरीचा प्रकार, मुदत आणि रकमेचे हप्ते नमूद करून दोघांनी एकेक प्रत ठेवावी. रंगासाठी तोंडी वर्णनावर कदापि विसंबू नये. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा असल्यास कापडात धूपछाव उमटते आणि ‘मोरपंखी’ म्हणताना सासूच्या डोळ्यांपुढे एक, सुनेच्या दुसरा आणि विणकराच्या तिसराच रंग उभा असतो. रंगवलेल्या धाग्यांचे नमुने मागवावेत आणि पसंतीचा नमुना कागदाला टाचावा. मुदतीत पंधरा दिवसांची सवड धरावी. आजारपण, सण, घरातील दुखवटा या गोष्टी मागावर बसणाऱ्यालाही असतात. आणि काम सुरू झाल्यावर रंग बदलण्याची किंवा मागणी रद्द करण्याची मुभा आपल्याला नाही असे धरून चालावे, कारण ताणा एकदा लावला की त्यातील रेशीम दुसऱ्या साडीला कामी येत नाही.

ज्यांना तयार साडीच घेणे भाग आहे, त्यांच्यासाठी परीक्षेच्या काही खुणा सांगतो. पहिली आणि निर्णायक खूण उलट्या बाजूची. पदर उलटा करून पाहावा. दोन्ही बाजूंस नक्षी सारखीच स्वच्छ असेल आणि रंगांच्या सीमेवर धागे गुंतलेले दिसत असतील तर ते हाताचे काम. उलट्या बाजूस सुटे धागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत लोंबत असतील, किंवा ते कापून टाकल्याने खरखरीत कुस लागत असेल, तर ती नक्षी यंत्राच्या किंवा जेकार्डच्या साहाय्याने उठवलेली आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे: हातमागावरही जेकार्ड लावून अंगभर ब्रोकेड विणतात आणि ते काम हलके नसते, फक्त ते ब्रोकेड म्हणून सांगितले जावे आणि किंमत त्याप्रमाणे असावी. दुसरी परीक्षा रेशमाची. पदराच्या दशीतला एखादा धागा मागून घेऊन जाळावा. अस्सल रेशीम केस जळाल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. तिसरी जरीची, आणि हिच्याबाबत लोकांचे समज फार सैल आहेत. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य पैठण्यांत ती नसते, तांब्याच्या तारेची किंवा त्याहूनही हलकी जर असते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते न सांगण्यात. ‘जर कोणती?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. लिहून देण्यास जो कचरतो त्याचे तोंडी उत्तर काय होते हे विसरून गेले तरी चालेल.

शिक्क्यांविषयीही थोडे तारतम्य हवे. २००४ पासून चालू असलेला ‘सिल्क मार्क’ रेशीम अस्सल असल्याची हमी देतो; कापड हातमागाचे की यंत्रमागाचे, याविषयी तो मौन पाळतो. २००६ सालचा ‘हँडलूम मार्क’ कापड हाताने विणल्याचे सांगतो. रेशमाचे की सुताचे, येवल्याचे की अन्यत्रचे, हे सांगत नाही. भौगोलिक मानांकन, जे १९९९ च्या कायद्याखाली पैठणीस मिळालेले आहे, ते प्रदेश आणि पद्धती यांचे नाते जोडते, आणि त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या विणकराला तसा दाखला दाखवता येतो, तो मागावा. हे तिन्ही शिक्के एकत्र असतील तर उत्तमच. परंतु त्यांपैकी एकही विणकराला काय मजुरी मिळाली याची वाच्यता करीत नाही, ही गोष्ट शिक्क्यांवर अतोनात श्रद्धा असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कायद्याचेही तसेच. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा १९८५ चा अधिनियम आजही अस्तित्वात आहे. मूळच्या २२ वस्तूंची यादी कमी होत होत ११ वर आली असून तिच्यात साडीचा समावेश आहे. असे असूनही यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’ राजरोस विकल्या जातात. सेमी पैठणी सेमी म्हणून घेणाऱ्यास माझा विरोध नाही. दर महिन्याच्या भिशीला आणि हळदीकुंकवाला हातमागाची पैठणी नेसणे कोणास परवडणार? तक्रार आहे ती तिला अस्सल म्हणून खपविण्याबद्दल, कारण त्या खोट्या चार हजारांमुळे खऱ्या वीस हजारांस लोक लूट म्हणू लागतात.

लूट आहे की नाही हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. उदाहरणादाखल असे समजा, की एका साडीला रेशीम आणि जर मिळून ८,००० रुपये लागले, आणि विणकराला महिन्याचे २६ दिवस रोज ६०० रुपये पडावेत अशी आपली इच्छा आहे. म्हणजे मजुरी १५,६०० आणि दोहोंची बेरीज २३,६००. यात रंगणावळ नाही, कांड्या भरणाऱ्या बाईचा मोबदला नाही, मागाची झीज नाही, मालकाचा नफा नाही, दुकानाचे भाडे नाही. ६०० रुपये रोज म्हणजे शहरातील गवंड्याच्या हाताखालच्या माणसाइतकीच ही मजुरी, आणि हे काम शिकण्यास वर्षे लागतात. हीच मांडणी मनात ठेवून दुकानातील किमतीच्या चिठ्ठीकडे पाहिले असता कोणती किंमत अशक्य आणि कोणती अवाजवी, हे बऱ्याच अंशी उमगते.

यावरून घासाघिशीचा विषय निघतोच. भाव पाडून मागणे हा आपल्या बायामंडळींचा पिढीजात हुन्नर, आणि भाजीबाजारात त्याचे काय व्हावयाचे ते होवो. परंतु पैठणीच्या बाबतीत भाव पाडल्यावर पैसा कोठून कमी होतो हे पाहिले पाहिजे. रेशमाचा भाव बाजार ठरवितो, जरीचा सुरत ठरविते, दुकानाचे भाडे जागेचा मालक ठरवितो. म्हणून कपात प्रथम जरीच्या प्रतीवर येते, मग ताण्याच्या घनतेवर, आणि दोन्हीकडे जागा उरली नाही की मजुरीवर. ज्याला कमी पैशांत पैठणी हवी आहे त्याने भाव कमी करण्याऐवजी काम कमी करावे. चाळीस इंचांच्या पदराऐवजी अठ्ठावीस किंवा अठरा इंचांचा घ्यावा. बांगडी मोरांची रांग नको, एक मुनिया पुरे. काठ साधा नारळी घ्यावा. अंगभर बुट्टीचा हट्ट सोडावा. काळी चंद्रकळा घ्या, पोपटी राघू घ्या की पांढरी शिरोदक. या जुन्या पैठण्यांची शोभा रंगाच्या खोलीत आणि काठाच्या नेटकेपणात आहे, नक्षीच्या गर्दीत नाही. अलीकडे पदराची लांबी प्रतिष्ठेचे माप झाल्याने लोक चाळीस इंचांवर अडून बसतात आणि मग विणीत तडजोड करतात, हे मला तरी रुचत नाही.

प्रत्यक्ष येवल्यास जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मनमाड-शिर्डीच्या वाटेवरच ते गाव लागते. तेथे गेल्यावर मोटारवाला ज्या दुकानापुढे गाडी उभी करील तेथेच उतरू नये. अशा मुक्कामांत दलाली मुरलेली असते. दर्शनी भागात एक माग खटखटत ठेवून मागच्या कपाटातून यंत्रमागाचा माल काढणारी दुकानेही काही ठिकाणी असतात. म्हणून विचारावे: ही साडी कोणत्या मागावर झाली, विणणाऱ्याचे नाव काय, किती दिवस लागले, तो आता काय विणतो आहे, त्याला भेटता येईल का? खऱ्या मालकाला ही चौकशी आवडते. तो गल्लीतून घेऊन जातो आणि तिथे ताण्यावर अर्धवट मोर दिसतो. पैठणला शासनाच्या केंद्रातही माग पाहावयास मिळतात. परदेशी वा दूरच्या शहरी असणाऱ्यांनी दूरध्वनीच्या पडद्यावर पदराची उलटी बाजू दाखवावयास सांगावी आणि फक्त सुलटी बाजू दाखविणाऱ्याचा नाद सोडावा.

मधला माणूस म्हटला की नाक मुरडण्याची जी सवय अलीकडे सुशिक्षितांना जडली आहे, तिच्याशी मी सहमत नाही. चांगला मालक रेशीम उधारीवर देतो, नवी नक्षी कागदावर उतरवतो, मंदीत साड्या स्वतःकडे घेऊन ठेवतो, रंग उतरल्याची तक्रार अंगावर घेतो. ही कामे विणकराने मागावरून उठून करावीत असे म्हणणे म्हणजे त्याचे विणणे बंद पाडणे होय. फरक करावयाचा तो हिशेब दाखविणाऱ्या आणि न दाखविणाऱ्या मालकांत. मजुरी किती दिली, हे विचारल्यावर जो आकडा सांगतो त्याच्याकडे नि:शंकपणे जावे, मग त्याचा नफा आपल्याला थोडा जड वाटला तरी.

पर्यावरणाची बाब मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात वाद फारसा नाही. हातमागास वीज लागत नाही, आणि घातक ठरलेल्या काही अ‍ॅझो रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे. तरीही रंगशाळेतील पाणी कोठे सोडले जाते हा प्रश्न विचारण्याजोगा उरतोच. पहिल्या धुण्यात रंग सुटणे हा हस्तकलेचा गोडवा नसून सरळ दोष आहे आणि त्याबद्दल साडी परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाने सोडू नये. एखाद्या मोराची चोच शेजाऱ्याहून किंचित लांब असणे हा मात्र दोष नव्हे, आणि त्यावरून सूट मागणे अशोभनीय होय.

संस्था, बँका, साहित्यसभा यांचे चालक हा लेख वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. सत्काराच्या शाली आपण शेकड्याने घेतो आणि त्या पॉलिएस्टरच्या असतात. सत्कारमूर्ती ती घरी नेऊन कोणा तिसऱ्याच्या सत्कारासाठी ठेवून देते, आणि तीच शाल मंडपामंडपातून फिरत राहते. त्याऐवजी निम्म्या संख्येने हातमागाचे उपरणे किंवा पैठणी काठाची शाल घ्यावी, आणि देणे वेळेवर चुकवावे. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत फेडले पाहिजे, असे २००६ चा कायदा सांगतो. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत चुकविणाऱ्या व्यापाऱ्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे चुकते केल्याच्या वर्षीच मिळते, अशी प्राप्तिकराची तरतूदही झाली आहे. कारागिराने या कलमांचे नाव काढण्याची वेळ येऊ देऊ नये.

घेतलेली पैठणी टिकविणे हाही खरेदीचाच भाग. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, टांगून ठेवू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. धुवट सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. अत्तर नेसण्यापूर्वी लावावे, नेसल्यावर नव्हे. काठ विरला तर बोहारणीच्या पाटीत किंवा जर वितळविणाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी विणकराला किंवा चांगल्या रफूगाराला दाखवावी. अंग जीर्ण होऊन पदर-काठ शाबूत राहिलेल्या पैठणीचे काठ नव्या रेशमावर चढवून देणारे लोक अजून आहेत. या दुरुस्तीचे पैसे पुष्कळदा ऐन मंदीत विणकराच्या घरी जातात, तेव्हा ती पावसाळ्यात करून घ्यावी.

आणि पावती जपून ठेवावी. तीवर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ हे शब्द आणि जरीचा प्रकार लिहिलेला असेल तर फसवणूक झाल्यास ग्राहक आयोगापुढे तीच आपली साक्षीदार. प्राथमिक तक्रारीसाठी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. कोऱ्या कागदावर नुसती रक्कम खरडून मिळालेल्या पावतीच्या आधारे तेथे फारसे काही होत नाही.